भोंग्याचं तोंड खाडीकडे

इथं भुसावळला वैशाख लागला की सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पत्रे तडतडतात, माठातलं पाणी कोमट होतं, आणि केळी भरलेल्या ट्रकांचा हिरवट, चिकट वास दिवसभर हवेत लोंबत राहतो. मग चार वाजले की आमच्या मागचं मंगल कार्यालय जागं होतं. आधी "हॅलो, हॅलो, चेक," मग एक खाकरा, मग ठोका. मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणतात. शेजारच्या वहिनी कानात कापूस घालून फिरतात आणि ज्याचं लग्न असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

मला त्या आवाजाचं काही वाटत नाही. भीती वाटते ती दोन गाण्यांच्या मधल्या शांततेची.

एक गाणं संपतं आणि दुसरं लागायला चार-पाच सेकंद जातात. तेवढ्यात माझे हात कणकेत थांबतात. श्वास कुठंतरी अर्ध्यावर राहतो. कधी वीज जाते, कधी वायर सुटते, आणि ते चार सेकंद मिनिटभर लांबतात. मग मी गॅस बंद करून ओट्याला धरून उभी राहते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, पण वैशाखातली ही सवय काही गेली नाही. नवरा पूर्वी हसायचा. आता वर्तमानपत्रातून डोकं न काढता एवढंच म्हणतो, "लागेल."

हा शब्द मूळचा त्याचा नाही. तो आमच्या घरात समुद्रावरून आला.

*

गोष्ट दोन हजार सालच्या वैशाखातली. आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीच्या अलीकडं. आता तिकडं मोठं बंदर झालंय, दिवे असतात, म्हणे आकाश तांबूस दिसतं. तेव्हा अंधार पडला की अंधारच. खाडीच्या मुखाशी एका बाजूला वाळूचा दांडा आणि दुसऱ्या बाजूला खडपं. काळे, धारदार खडक. भरतीला ते पाण्याखाली जातात, पण जागा सोडत नाहीत. होडी घरी आणायची ती या दोहोंच्या मधून, आणि मधली वाट फार रुंद नाही.

म्हणून धक्क्यावरच्या देवळाला दोन भोंगे होते. देवळाला म्हणायचं आपलं. आरती त्यातून होई, पण त्यांचं खरं काम वेगळं. धुकं पडलं, पाऊस आडवा आला, किनारा दिसेनासा झाला की कुणीतरी देवळात जाऊन भोंगा लावायचा. भजन म्हणा, शंख फुंका, नुसतं "ए, ए" ओरडा. बाहेरच्या होड्या त्या आवाजाच्या रोखानं नाक धरून आत यायच्या. वाडीचा एकच नियम होता, आणि तो कुठं लिहिलेला नव्हता: एक जरी होडी बाहेर असेल तर भोंग्याचं तोंड खाडीकडून हलवायचं नाही.

मी शाळा सोडली ती आठवीत, आई गेली त्या वर्षी. बाबांची नजर तेव्हाच अधू झालेली. दादा, माझा थोरला भाऊ, त्याच्याही आधी पाचवीतून सुटलेला. त्याला अक्षरं दिसायची, पण ती ओळखीची वाटायची नाहीत, असं तो म्हणे. होडी मात्र त्याला डोळे मिटून वाचता यायची. त्यानं होडीवर घर चालवलं आणि मी धक्क्यावर मासळी विकली. मला शाळा सुटल्याचं वाईट वाटायचं ते पावसाळ्यात, शाळेची घंटा वाऱ्यावर यायची तेव्हा. आवाजांचं मला तेव्हापासूनच असं आहे. ते येतात आणि आपल्याला जागच्या जागी धरून ठेवतात.

स्थळ आलं ते लांबचं. मुलगा भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात. माणसं मूळची आमच्याकडचीच, पण दोन पिढ्या तिकडं रुजलेली. सासूबाई हर्ण्याच्या. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेल्या त्या परत म्हणून समुद्राकडं आल्या नव्हत्या. मला बघायला आल्या तेव्हा आमच्या पडवीत त्यांना समुद्र दिसेल अशी खुर्ची ठेवली होती. त्यांनी ती उचलून फिरवली आणि पाठ करून बसल्या. चहा प्यायल्या, चार प्रश्न विचारले, उठल्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

"गर्विष्ठ दिसतायत," मी दादाला म्हटलं.

"तुझ्या तोंडापुढं कुणीबी नम्रच दिसेल," दादा म्हणाला.

लग्न देवळात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला स्वागत समारंभ, असं ठरलं. वाडीला हा प्रकार नवा होता. शेजारची आते येऊन विचारून गेली, "रिशेप्शन म्हंजे काय गो? जेवायचा की नुसता हात मिळवायचा?"

"खुर्चीवर बसायचं आणि हसायचं," मी म्हटलं.

तेव्हा मला हे गमतीचं वाटलं होतं.

*

मंडपवाला म्हणाला, साउंड माझा, गाणीही माझीच. दादा म्हणाला, मंडप तुझा, गाणी आमची. कारण मला माहीत होतं. मी जिथं चालले होते तिथून समुद्र रात्रभराच्या गाडीच्या पलीकडं होता, आणि मला माझे आवाज बरोबर हवे होते. ते एकदा सगळ्या गावासमोर वाजावेत आणि मग माझ्या ट्रंकेत यावेत, एवढी माझी हौस.

दादाकडं बॅटरीवर चालणारा टू-इन-वन होता. शिमग्यापासून आम्ही दोघं त्याच्या मागं लागलो. रेडिओवरची सनई भरली. शिमग्याची पालखी नाचताना ढोल भरले. बायका जमवून लग्नातल्या ओव्या भरल्या. त्यात आते मध्येच "अगो, दूध ऊतू गेला," म्हणून ओरडते तेही आलं आणि आम्ही ते पुसलं नाही. चौथी कॅसेट सबंध धक्क्यावरच्या लिलावाची. पहिल्या बाजूला लिलाव पुकारणारा, बैलासारख्या आवाजाचा. दुसऱ्या बाजूला आम्ही विकणाऱ्या-घेणाऱ्या बायका. त्यात मी एका बाईशी सुरमईवरून भांडते, "कल्ले उघडून दाखव आधी!" दादा ते ऐकून लोळायचा. म्हणायचा, ही बाजू जेवणाच्या पंगतीला लावू, सगळ्यांत शेवटी, वऱ्हाड पळून जाऊ नये म्हणून.

कॅसेटांवर मी नावं लिहायला घेतली तर त्यानं पेन काढून घेतलं. जाळ्याचा निळा दोरा आणला आणि प्रत्येक कॅसेटच्या डबीला गाठी मारल्या. एक गाठ सनई, दोन ढोल, तीन ओव्या, चार लिलाव. जाळ्याच्या खुणा तो अशाच करायचा. "वाचायला नको, बघायलापण नको. बोटाला कळतं," म्हणाला. त्या सगळ्याचा क्रम आम्हा दोघांनाच ठाऊक होता, आणि साउंडच्या मशीनवर बसणार होता तोच.

देवळाचा अँप्लिफायर घेतला, त्यातच कॅसेटही वाजायची. तो विजेवरही चालायचा आणि गाडीच्या बॅटरीवरही. आणि भोंगे. लग्नासाठी सगळ्या होड्या वर ओढलेल्या, पाण्यात एकही नाही, तेव्हा भोंग्याची कुणाला गरज नव्हती. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी दादाच खांबावर चढला. दोन्ही भोंगे सैल केले आणि त्यांची तोंडं समुद्राकडून काढून आमच्या मांडवाकडं फिरवली. मी खाली उभी होते. हिरव्या चुड्याच्या हातानं शिडी धरली होती.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "झाले सगळे आवाज? बघ हां, मागाहून म्हणू नको, दादा अमकं राहिलं."

आणि मी म्हटलं, "होडीचा राहिला."

एवढंच म्हटलं मी. आमच्या होडीच्या मशीनचा आवाज. लहानपणापासून पहाटे त्या आवाजानं मला जाग यायची आणि तोच लांब जात जात बुडाला की परत झोप लागायची.

"अगो, मग सकाळी आणतो की! चहा व्हायच्या आत परत. पाहुण्यांना कळणारसुद्धा नाय."

*

तो पहाटे गेला. बरोबर भागोजीकाका; आमच्या वाडीतला होडी हाकणारा जुना तांडेल, सत्तरीचा, झोप न येणारा माणूस. मी मशीनचा आवाज ऐकला. लांब जात बुडाला आणि मी त्या दिवशीसुद्धा, देवा, शांत झोपले.

उठले तेव्हा समुद्र तेलासारखा सपाट होता. मे महिन्यात असं पाणी मला आवडत नाही. वारा नव्हता. आंब्याची पानं खिळे ठोकल्यासारखी. आदल्या दिवशीच्या पंगतीच्या खरकट्यावर कावळे बसायला हवेत ते नव्हते. वाळत घातलेली सुकट आतेनं भर सकाळी गोळा करून घरात आणली. तिनं आणली म्हणून बाकीच्या बायकांनीही आपापली आणली.

"दादा आला?" मी नऊला विचारलं.

"आला गो, मांडवात हाय."

अकराला विचारलं. "झोपलाय जरासा. रात्रभर खपलाय माणूस."

दोनला माझ्या केसांत गजरा माळताना आतेनं विचारायच्या आधीच सांगितलं, "दादा मशीनकडं बसलाय. तू नीट बस." आणि तिचे हात माझ्या मानेला लागले ते बर्फासारखे गार होते. वैशाखात, दुपारी दोनला.

मी विश्वास ठेवला. खरं तर ठेवायचं ठरवलं. नवी नवरी होते, आणि दादा कुणाला न सांगता गेला होता तो माझ्यासाठी, हे फक्त मला माहीत होतं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

चारला आम्हा दोघांना त्या लाल खुर्च्यांवर बसवलं. समोर दीडशे माणसं. डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका. मशीन कनातीच्या मागं, मला दिसत नव्हतं. मी सनईची वाट बघत हसून बसले.

खरखर झाली, आणि भोंग्यातून लिलाव लागला.

"चलाऽऽ बोलाऽऽ पापलेट बघाऽऽ!" दीडशे माणसं दचकली आणि मग खो खो हसत सुटली. भुसावळची मंडळी तर गडाबडा लोळायची बाकी. नवऱ्यानं हळूच विचारलं, "माझा भाव किती निघाला?" मीही हसले. मग हसता हसता आठवलं. लिलाव शेवटी लावायचा होता. चार गाठी. दादाला अंधारात दिली असती तरी ती डबी त्यानं पहिली उघडली नसती.

कनातीच्या मागं दादा नव्हता. दुसरंच कुणीतरी होतं, ज्याच्या बोटांना गाठी कळत नव्हत्या.

लिलाव मध्येच तोडला. मग ढोल. तेही तोडले. मग ओव्या, अर्ध्यापासून. कॅसेटा डब्यांतून काढून एकत्र टाकलेल्या असणार. मांडवातल्या कुणाला काही कळत नव्हतं. लग्नात असं होतंच. फोटोवाला म्हणत होता, "वहिनी, इकडं बघा, जरा हसा." मी इकडं बघत होते, हसत होते, आणि डाव्या हाताच्या खुर्च्या मोजत होते.

पुरुष एकेक करून उठत होते. कुणी घाई करत नव्हतं. एक जण लघवीला जावं तसा उठायचा, चप्पल घालायचा आणि परत यायचा नाही. आधी शेवटची रांग गेली. मग तिच्या पुढची. आमच्या वाडीतले सगळे पुरुष गेले. बाहेरचे पाहुणे तेवढे सरबत पीत बसलेले. पहिल्या रांगेत बाबा होते, अधू डोळ्यांनी स्टेजकडं बघत, कुणीतरी सांगितल्यासारखे हसत. त्यांच्यामागं रिकाम्या खुर्च्या.

आणि मग वारा आला. चारच्या सुमाराला आमच्याकडं वारा समुद्रावरून येतो; तो जमिनीवरून आला. जमिनीचा वारा पहाटेचा असतो, त्याला मतलई म्हणतात, आणि दुपारी तो वाहत नाही. मांडवाचं कापड समुद्राच्या दिशेनं फुगलं आणि तसंच फुगून राहिलं. पाहुण्यांच्या मागं, सड्याच्या कातळ पठारावर, घाटाकडून आभाळ काळं उतरत होतं. ते समुद्रावर चाललं होतं. त्याच्याबरोबर होडीही बाहेरच ढकलली जाणार होती.

माणसं येत होती, पाकीट हातात देत होती, "सुखी राहा" म्हणत होती. मी वाकत होते. प्रत्येक नमस्कारात मला वाटायचं, आता कुणीतरी कानात सांगेल. कुणी सांगितलं नाही. त्यांनी मला फार प्रेमानं त्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. त्या प्रेमाचा अजून काटा येतो अंगावर.

*

स्टेजवर सासूबाई आल्या. मला वाटलं, नमस्कारासाठी उठवायला आल्या. त्या समोर उभ्या राहिल्या, माझ्याकडं आणि समुद्राकडं एकाच वेळी तोंड करून. तीस वर्षांत पहिल्यांदा असेल. त्यांनी डाव्या बाजूच्या खुर्च्यांकडं बघितलं.

"कोण बाहेर आहे?"

माझं हसू तसंच चिकटून होतं. "दादा," मी म्हटलं. "माझ्यासाठी गेला. होडीचा आवाज आणायला."

मला वाटलं होतं त्या विचारतील, कसला आवाज, हे काय वेड. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांचं भुसावळचं बोलणं एकदम गळून पडलं आणि आतून कुणीतरी दुसरीच बोलली. "खडपं कुठल्या अंगाला हायत?"

"उजव्या."

"आणि भोंगा?"

मी वर बोट केलं. दोन्ही भोंगे आमच्याकडं तोंड करून उभे. माझ्याच ओव्या माझ्या अंगावर ओतत होते.

"हर्ण्याला तेव्हा भोंगा नव्हता," त्या म्हणाल्या. "माझा बाप आमच्या दारासमोरून खडपावर गेला. आम्ही कंदील दाखवत होतो. पावसात कंदील कुणाला दिसतो?"

मग त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीवरून उठवलं. आपल्या मुलाला म्हणाल्या, "तू बस. हस." आणि मला घेऊन कनातीमागं गेल्या. मशीनवर दादाचा दोस्त वसंत होता, रत्नागिरीत दुकानात कामाला असलेला. घामानं निथळत होता. मला बघून तो उभा राहिला आणि रडायलाच लागला. दोन होड्या शोधायला गेल्या होत्या, पण बाहेर अंधारून आलं होतं आणि त्यांनाही काही दिसत नव्हतं. मशीन थांबवलं किंवा भोंगे फिरवले तर नवरीला कळेल, म्हणून त्याला वाजवत बसायला सांगितलं होतं.

"तिला कळलंय," सासूबाई म्हणाल्या. "चढ वर. तोंड फिरव भोंग्याचं."

वसंत खांबावर चढला. भोंगे फिरले आणि मांडवातला आवाज एकदम पाठमोरा झाला. गाणं चालू होतं, पण आपल्यासाठी नव्हतं. मांडवात उरलेली माणसं गप्प झाली. कुणीतरी सरबताचा पेला खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा आला.

त्याच वेळी लाईट गेली.

माझ्या आयुष्यातली पहिली ती शांतता. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. सासूबाईंनी वऱ्हाडाच्या जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

"गाडीची बॅटरी काढ."

"मावशी, अहो संध्याकाळी निघायचंय. परत बसवायची म्हणजे..."

"निघणार नाही कुणी. काढ म्हणते ना."

बॅटरी लागली. अँप्लिफायरचा लाल दिवा हळूहळू उजळला. मी सनई लावायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. "सनई नको. सनई वाऱ्यात विरते. मघाचा तो लिलाव लाव. आमच्याकडं किनारा दिसायच्या आधी लिलावच ऐकू यायचा."

मग भरजरी शालूत, मेंदीच्या हातानं, मी समुद्राला पापलेटचा लिलाव ऐकवला. "चलाऽऽ बोलाऽऽ!" वारा पाठीवरून येत होता आणि आवाज उचलून नेत होता. ज्या वाऱ्यानं होडी बाहेर ढकलली त्याच वाऱ्यावर आता आमची सगळी भिस्त होती. पाऊस पोचला. अँप्लिफायरवर मांडवाचं प्लास्टिक धरून चार पाहुणे उभे राहिले, इस्त्रीचे कपडे भिजवत. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती. बाबांना कुणीतरी आणून माझ्याजवळ बसवलं. ते म्हणाले, "हा आवाज कुणाकडं चाललाय गो?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसले.

पहिली बाजू संपली. आवाज बंद. मी कॅसेट काढली, उलटी करायला गेले, आणि ओल्या हातातून ती सुटली. वाळूत पडली.

ते किती सेकंद होते मला सांगता येणार नाही. मी कॅसेट फुंकत होते, पदरानं पुसत होते, वाळू मेंदीला चिकटत होती, आणि समोर सगळा समुद्र गप्प होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: तो आता कुठल्या अंगाला वळेल? आवाज नाही तर कुठल्या अंगाला? सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी कॅसेट माझ्या हातातून घेतली, टेबलाच्या कडेवर दोनदा आपटली, घातली, कळ दाबली.

खरखर. मग बायकांचा गलका. लिलावाची दुसरी बाजू.

*

दिवे लावायच्या वेळेला धक्क्यावरून हाक आली. दोघं आले होते. होडी वाळूच्या दांड्याला लागली होती, खडपांपासून दोन वावांवर, म्हणजे आठ हातांवर. दादाच्या तळहातांची सालं निघाली होती. होडीचं मशीन सकाळीच बंद पडलं होतं. दिवसभर वल्ही मारून दोघं किनाऱ्याशी येत आले होते, तेवढ्यात वारा फिरला. भागोजीकाका उतरले, चूळ भरली आणि पहिला प्रश्न विचारला, "पापलेट शेवटी घेतलान कुणी?"

दादानं माझ्या मांडीवर थर्माकोलच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टू-इन-वन ठेवला. "हा घे तुझा आवाज," म्हणाला, आणि मग तिथंच माझ्या पायाशी बसून राहिला. सासूबाईंनी त्याच्या तळहातांना हळद लावली. त्या हळदीचा रंग माझ्या शालूला लागला तो अजून आहे.

त्या आता नाहीत. जोवर होत्या तोवर मी रोज सकाळी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायची आणि त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. "बॅटरी ड्रायव्हरनं काढली," म्हणायच्या.

दादा अजून समुद्रावर जातो. फोन लागत नाही तेव्हा लागत नाही. मी इथं रात्रभराच्या गाडीच्या पलीकडं बसून घड्याळ बघते. इथल्या वैशाखात कधी दुपारी वारा पडला, पानं खिळ्यासारखी झाली, की मी गच्चीतले पापड उचलून आणते. शेजारच्या वहिनी विचारतात, आभाळ तर स्वच्छ आहे की. असू दे.

त्या टू-इन-वनमधली कॅसेट माझ्या ट्रंकेत आहे. निळ्या दोऱ्याला गाठी पाच. दरवर्षी वैशाखात एकदा लावते, दार लावून. आधी मशीन, डुकडुक डुकडुक, आणि दादा: "ऐकतंस ना बाय? भुसावळात पंखा बंद पडला तर हा लाव." काका खेकसतात, "बडबड कमी कर." मग खट् होतं.

मग पाऊस. ताडपत्रीवर पडणारा, जवळचा. आणि दादाचा आवाज, अगदी हळू, यंत्राला तोंड लावून: "बाय, बाबांना सांग..."

तो तिथं थांबतो. पुढं काय सांगायचं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

"काका," तो म्हणतो, "आयकताव काय?"

पाणी. बराच वेळ नुसतं पाणी. आणि मग पार तळातून, डासाएवढा बारीक, बैलासारख्या आवाजाचा तो माणूस पापलेट विकायला लागतो. वल्ह्यांचा आवाज सुरू होतो. भराभर. आणि मध्येच तो बारीक आवाज तुटतो.

"बंद झाला," दादा म्हणतो. असा आवाज मी त्याचा आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. वल्ही थांबतात. "काका, बंद झाला."

पाऊस. एका खडपावर लाट फुटल्याचा आवाज, फार लांब नसलेला.

"ऱ्हव," भागोजीकाका म्हणतात, जसं काही शेजारच्या खळ्यात बसलेत. "कॅशेट उलटी करतायत. लागंल आता."

मी दरवर्षी इथं श्वास धरते. शेवट माहीत असून धरते. वाळू, मेंदी, पदर, सगळं हाताला परत लागतं. पाणी होडीला थपडा मारत राहतं, आणि मग त्या सगळ्या पावसाच्या पलीकडून एक मुलगी कुणाशी तरी भांडायला लागते:

"कल्ले उघडून दाखव आधी!"